मॅटॅडोरच्या दारावरचे चार रंग

हँडलच्या चार बोटं खाली हात ठेवा. तिथे पत्रा किंचित आत दबलेला आहे, रुपयाच्या नाण्याएवढा. ही जागा मी मुद्दाम राखून ठेवली आहे. बादलीत भिजत घातलेला वॉटर पेपर घ्या, दोन बोटांना गुंडाळा आणि गोल गोल घासा. जोर लावू नका, पाणी मारत राहा. बाहेर पौषातली संध्याकाळ आहे, शहापूरची. माहुलीच्या सुळक्यांवरचं ऊन आत्ताच उतरलं. शेडच्या मागून मुंबई-नाशिक महामार्गावरच्या ट्रकांची घरघर येते आहे आणि पाणी इतकं गार आहे की बोटांची पेरं पांढरी पडतात.

तुमच्यासमोर उभी आहे ती १९८८ सालची मॅटॅडोर. तोंड गोलसर, बॉनेट नाही, इंजिन ड्रायव्हर आणि शेजारच्या सीटच्या मध्ये, डब्याखाली झाकलेलं. दोन वर्षांपूर्वी एका शेताच्या बांधावरून मी ती ओढून आणली तेव्हा तिच्या टपावर भोपळ्याचा वेल चढला होता. आता मागे झोपायला फळ्या आहेत, भांड्यांचं छोटं कपाट आहे, वीस लिटर पाण्याची टाकी आहे, एक शेगडी आहे. परदेशात अशा गाडीला कॅम्पर म्हणतात. आमच्याकडे येणारे-जाणारे विचारतात, "म्हणजे मुक्कामाची गाडी का?" मला हाच शब्द खरा वाटतो.

रंग तेवढा बाकी आहे. आणि रंग काढताना जे होतं ते तुम्हाला दाखवायचं होतं, म्हणून बोलावलं. घासत राहा.

आधी पांढरा सुटतो. बोटाखाली त्याचं दूध होतं, पत्र्यावरून ओघळतं, आणि तुमच्या कानात अचानक लाऊडस्पीकर वाजायला लागतो. तुम्ही २००७ मध्ये आहात, किन्हवलीच्या एका अंगणात. हळद लागते आहे. गाडीतून बांबू, कनाती, खुर्च्या, जनरेटर उतरतोय. पोरं बांबू आपटत बाहेर ओढतात आणि प्रत्येक बांबूगणिक मागच्या दाराच्या चौकटीला एक चरा पडतो. गाडीच्या कुशीवर ब्रशने काढलेली मंडपवाल्याची अक्षरं आहेत, आणि खाली चाकाच्या वर, जिथे गंज फुटला होता तिथे, पांढरा रंग दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा थापलेला. इथे फार रेंगाळू नका. या काळात गाडीने काम चोख केलं, पण तिच्याकडे कुणी मायेने पाहिलं नाही. पाणी मारा.

निळा वर येतो.

रात्रीचे दीड वाजलेत, साल १९९६. तुम्ही सरळगावच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला उभे आहात. शहापुराकडून मुरबाडकडे येताना काळू ओलांडावीच लागते, त्या नदीचा गारवा अजून अंगाला चिकटलेला आहे. गाडी बंद पडली आहे. मागे भेंडीच्या जाळ्या छतापर्यंत रचलेल्या आहेत. मुरबाडच्या पट्ट्यात भात निघालं की भेंडी, कारली, काकडी लागते, आणि ती उजाडायच्या आत कल्याणच्या बाजारात पोचली नाही तर भाव पडतो. ड्रायव्हर पंचविशीतला आहे. त्याला घाई आहे, पण तो घाबरलेला नाही.

"दादा, बॅटरी धरा जरा."

तुम्ही बॅटरी धरता. तो इंजिनावरचा डबा उचलतो, गरम डिझेलचा वास तोंडावर येतो. डिझेल फिल्टरच्या डोक्यावरचा नट तो पान्याने अर्धा आटा सैल करतो, आणि शेजारच्या हातपंपाची मूठ वरखाली दाबायला लागतो. नटाच्या कडेने डिझेल येतं, पण ते फेसाळ असतं, त्यात बुडबुडे. लाइनमध्ये हवा शिरली की डिझेल इंजिन मुकं होतं. पंपाला दाब धरताच येत नाही, कारण हवा दबते आणि डिझेल दबत नाही. तो मोजत नाही, नुसता बघत राहतो. बुडबुडे बारीक होतात, मग एखाददुसरा, मग एकदम स्वच्छ धार लागते. त्याच क्षणी तो दुसऱ्या हाताने नट आवळतो. "बसली." मग चावी अर्धी फिरवून हीटरला दहा-पंधरा सेकंद देतो. थंडीत हे इंजिन आधी उबवावं लागतं, कारण त्यात डिझेल थेट सिलिंडरमध्ये पेटत नाही, वरच्या छोट्या कोठीत आधी पेटतं आणि ती कोठी गार असेल तर ठिणगीवाचूनचं हे इंजिन पेट घेत नाही. चावी पूर्ण फिरते. एकदा खोकून गाडी उठते.

कल्याणला जाळ्या उतरल्या की तो मागे चढतो. रिकाम्या झालेल्या जागेत गोणपाट अंथरतो, उशाला ताडपत्रीची घडी घेतो. तेव्हा तुमचं लक्ष आतल्या बाजूला जातं. पत्र्याच्या खाचेत खोवलेला कंगवा. तारेला लटकवलेली साबणाची डबी. विठोबाची छोटी तसबीर. एका खिळ्याला टांगलेला टॉवेल आणि दुसऱ्याला स्टीलचा डबा. आठवड्यातल्या पाच रात्री हा माणूस इथे झोपतो.

मी ही गाडी घेतली तेव्हा मला वाटत होतं की मालाच्या गाडीची मी कॅम्पर करतोय. निळ्या रंगाखालची ती खाच आणि ते दोन खिळे सापडले त्या दिवशी कळलं की गाडी आधीपासूनच मुक्कामाची होती. माझं कपाट आज त्याच दोन खिळ्यांच्या जागी आहे.

पेपर बदला. चारशे नंबरचा घ्या, इथून पुढे हलक्या हाताने. निळ्याखाली क्रीम आहे. तोच तिचा मूळ रंग, आणि माझ्या मते तिच्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर.

क्रीम रंगाची कड दिसते न दिसते तोच घुंगरांचा आवाज येतो. एक-दोन नाही, शेकडो. जानेवारी १९८९, पौषातली पौर्णिमा. तुम्ही म्हशाच्या यात्रेत आहात.

म्हसा मुरबाडच्या दक्षिणेला, कर्जतकडे जाणाऱ्या रस्त्यावर. खांबलिंगेश्वराची ही यात्रा बैलांच्या बाजारासाठी साऱ्या ठाणे-रायगडात आणि घाटावरही माहीत आहे. चंद्र डोक्यावर आलाय आणि त्याच्या उजेडात बैलांच्या ओळीच्या ओळी दिसतात. रंगवलेली शिंगं, कपाळावर गोंडे, गळ्यात घाट्या. धुरात भाकरीचा, शेणाचा, नव्या दोरखंडाचा वास मिसळलेला. एकीकडे घोंगड्यांचे ढीग, हात घातला तर लोकर टोचते आणि लगेच उबही देते. दोन माणसं समोरासमोर उभी आहेत, त्यांच्या हातांवर एक उपरणं टाकलेलं आहे. उपरण्याखाली बोटांनी भाव चाललाय. तोंडाने कुणी आकडा काढत नाही, चेहरा हलत नाही. तुम्ही तासभर पाहिलंत तरी बैल किती रुपयांना गेला ते तुम्हाला कळणार नाही.

आणि सगळीकडे बैलगाड्या. बैल सोडून, जू जमिनीला टेकवून त्या उभ्या आहेत. वर ताडपत्री किंवा गोधडी बांधलेली, खाली पेंढा अंथरलेला, त्यावर घरची माणसं झोपलेली. लहान मुलं मध्ये, म्हातारी कडेला, गडी बैलांपाशी. तीन-चार रात्रींचं बिऱ्हाड. चूल गाडीच्या आडोशाला, पाण्याची घागर चाकाला टेकवून ठेवलेली.

या गाड्यांच्या ओळीच्या टोकाला क्रीम रंगाची मॅटॅडोर उभी आहे. नवीकोरी. मालकाने तिच्या पुढच्या काचेला झेंडूचा हार घातलाय. सारं घर घेऊन तो यात्रेला आलाय आणि आजीला आता मागे चढायचं आहे.

"अगं बाय, ही तर आपल्या गाडीपरीस ठेंगणी," आजी म्हणते आणि कुणाचा हात न घेता आत पाय टाकते.

या एका पावलापाशी थांबा, कारण मॅटॅडोरचं सगळं मर्म त्यात आहे. इतर टेम्पो-ट्रकांमध्ये इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना, म्हणून मधून लांबलचक दांडा जातो आणि तळ त्याच्यावर उचलावा लागतो. मॅटॅडोरमध्ये इंजिनही पुढे आणि जोरही पुढच्याच चाकांना. मागे फिरणारं काही नाही. त्यामुळे तळ गुडघ्याच्या खाली राहिला आणि माणूस आत जवळजवळ ताठ उभा राहू शकला. याची किंमतही होती. मागे भरपूर माल भरला की वजन पुढच्या चाकांवरून उठायचं आणि ओल्या चढावर ती जागीच फिरायची. माळशेजच्या वळणांवर पावसाळ्यात जुन्या ड्रायव्हरांनी ते भोगलंय. पण झोपायला, बसायला, म्हाताऱ्या माणसाला चढायला याहून सोयीची गाडी त्या काळी आपल्या रस्त्यांवर नव्हती, असं मी ठामपणे म्हणेन. जर्मनीतही याच घराण्याच्या व्हॅन लोकांनी मुक्कामाच्या केल्या, त्या याच ठेंगण्या तळासाठी.

पहाटे थंडी हाडात शिरते. शेजारच्या बैलगाडीतला एक म्हातारा उठून येतो, पुढच्या दारातून हात आत घालतो आणि इंजिनाच्या डब्यावर तळवे टेकवतो. रात्री उशिरापर्यंत गाडी चालली होती, डबा अजून कोमट आहे. डब्यावर गोधडी टाकून मालकाचा धाकटा पोर झोपलाय. म्हातारा त्याच्या पायावरची गोधडी सारखी करतो आणि दोन्ही हात चोळत परत जातो. तुम्हीही ठेवा हात. मी रोज ठेवतो.

उजाडताना पूर्वेला डोंगरांची रेघ उमटते, तिच्यात सिद्धगड आहे. २ जानेवारी १९४३च्या पहाटे त्याच्या रानात भाई कोटवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांनी पडले. विजेचे मनोरे पाडून इंग्रजांच्या युद्धाच्या कारखान्यांची वीज तोडणारा त्यांचा आझाद दस्ता त्या थंडीत उघड्यावर, दगडांच्या आडोशाने राहत होता. माथेरानच्या तरुण वकील कोटवालांनी शेवटचा मुक्काम याच मुरबाड तालुक्यात केला. म्हशाहून सिद्धगडाकडे तोंड करून क्षणभर उभं राहिल्याशिवाय मी कधी पुढे गेलेलो नाही. तुम्हीही थांबा.

आता क्रीमखाली तांबूस प्रायमर. इथे मला एक जुनं दुखणं सांगावं लागेल. मी गाडी आणली त्या पहिल्या महिन्यात एका गॅरेजला ती पत्र्याच्या कामासाठी दिली होती. परत आली तेव्हा आरशासारखी दिसत होती. पहिल्या पावसात डावीकडचा तळ फुगला. वॉटर पेपर लावला तर खाली बोटभर जाडीची लांबी, म्हणजे पुट्टी, निघाली, आणि लांबीखाली गंज जसाच्या तसा, ओल धरून बसलेला. ज्या पत्र्यावर गंज आहे तो कापून काढावा लागतो, त्याच जाडीचा नवा तुकडा बसवून वेल्डिंग करावं लागतं, दोन्ही बाजूंनी प्रायमर मारावा लागतो. दुसरा मार्ग नाही. तळाचे सात तुकडे मी पुन्हा करून घेतले, समोर उभं राहून. जुन्या गाडीच्या छंदात पैशापेक्षा हे समोर उभं राहणं महाग आहे.

प्रायमरवरून बोट फिरवा. १९८८, आकुर्डी. पुण्याजवळचा बजाज टेम्पोचा कारखाना. रंग चढायच्या आधीचे सांगाडे ओळीने पुढे सरकताहेत. मला या ओळीपाशी उभं राहून एक गोष्ट सांगायला आवडते. आपण मराठीत कुठल्याही छोट्या मालगाडीला 'टेम्पो' म्हणतो ना, तो शब्द हॅम्बुर्गच्या एका कारखान्याचं नाव आहे. विडाल आणि पुत्र यांचा तो टेम्पो कारखाना. त्यांनी १९४९ला मॅटॅडोर आणली तेव्हा तिच्यात फोक्सवॅगनचं इंजिन होतं, आणि फोक्सवॅगनची स्वतःची ती जगप्रसिद्ध व्हॅन त्यानंतर, १९५०ला आली. तिच्यात झोपायची पेटी बसवून वेस्टफालियाने १९५१ पासून कॅम्पर केल्या. म्हणजे जगभर ज्या व्हॅनसाठी लोक जीव टाकतात तिची आमची मॅटॅडोर थोरली नातेवाईक लागते.

हॅम्बुर्गहून ती इकडे आणण्याचं काम नगरच्या माणसाने केलं. नवलमल फिरोदियांनी १९५८ला बजाज टेम्पो उभी केली, आधी गोरेगावला तीनचाकी, मग आकुर्डीला मोठा कारखाना, आणि १९६९ पासून मॅटॅडोर. या गाडीतलं २.४ लिटरचं इंजिन मर्सिडीजच्या ओएम ६१६ रचनेचं, परवाना घेऊन आपल्याकडे बांधलेलं. २००५ला कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं. पण मुरबाडवरून माळशेज चढून ओतूर, आळेफाट्यामार्गे सरळ गेलात तर ज्या नगरला पोचता, आजच्या अहिल्यानगरला, तिथल्या घराण्याने या गाडीला मराठी रस्ता दाखवला, हे मला त्या रस्त्यावरून जाताना नेहमी आठवतं.

पत्रा उघडा पडला. चमकतोय. दारावर आता पुढे जायला वाट नाही.

हात पुसा आणि मागे चढा. झोपायच्या फळ्यांवर तळवा ठेवा. हे लाकूड गाडीबरोबर आलेलं नाही. आजोबांच्या बैलगाडीची साटी आमच्या गोठ्याच्या माळ्यावर पडून होती. सागवान, शहापूरच्याच रानातलं. मी ती रंधली नाही, नुसती तेल पाजून बसवली. तळव्याला जे खोलगट लागतंय ते माणसांच्या बसण्याने झिजलेलं आहे.

डोळे मिटा. १९३०च्या आसपासचा चैत्र आहे, ऊन मी म्हणतंय. गावाबाहेर चिंचेखाली लोहाराने शेणकुटांचं गोल रिंगण रचलंय आणि त्या आगीत लोखंडी धाव ठेवली आहे. बाजूला सुताराने केलेलं नवं चाक जमिनीवर आडवं. आरे बसलेत, पण सांधे अजून सैल, हाताने हलवलं तर कुरकुरतात. धाव चाकापेक्षा बोटभर लहान केलेली आहे, मुद्दाम. लोखंड लाल होतं तसं फुगतं. चौघं लांब चिमट्यांनी ती उचलतात, धावत येतात, चाकावर टाकतात, लोहार घण घालत चाकाभोवती फिरतो. लाकूड पेटतं, धुराचा लोट उठतो.

"पाणी टाका! पाणी!"

तुमच्या हातात घागर आहे. ओता. फुस्स करून वाफ येते, आणि वाफेतून एक आवाज येतो जो मी शब्दांत नीट सांगू शकणार नाही. थंड होत जाणारी धाव आवळत जाते आणि प्रत्येक आरा कचकच करत आपल्या खोबणीत खोल शिरतो. एक, दोन, सहा, सगळे. मघाशी हलत होतं ते चाक आता एकसंध दगडासारखं झालंय. ना खिळा, ना डिंक. चार-सहा वर्षांनी लाकूड वाळून सांधे पुन्हा सैल झाले की धाव काढायची, तोडून लहान करायची, पुन्हा तापवायची. आजोबांच्या पिढीला जुनी गाडी नीट करणं हा छंद नव्हता, दर काही वर्षांचं काम होतं. पण लोहाराच्या चेहऱ्यावर पाणी पडल्यावर जे समाधान दिसतं ते पाहा. तळाचा सातवा तुकडा बसला तेव्हा आमच्या वेल्डरच्या चेहऱ्यावर मी तेच पाहिलं.

याच साटीवर बसून आजोबा वासिंदला, आसनगावला भात घेऊन जायचे, रेल्वेला घालायला. वासिंदपर्यंत गाडी १८५५ला आली, कसाऱ्यापर्यंत १८६१ला, घाट चढून इगतपुरीला १८६५ला. त्याआधी वऱ्हाड-खानदेशचा कापूस लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून थळघाट उतरत होता. ते तांडे म्हणजे चालती गावंच होती.

अजून मागे जायचं असेल तर चावी घ्या. हा भाग गाडी चालवतच करावा लागतो. किन्हवली, काळू, सरळगाव, टोकावडे, वैशाखरे. इथे गाडी उभी करा. पुढे पायवाट आहे, दगडी पायऱ्यांची, नाणेघाटाची. चढताना धाप लागते आणि शतकं पायाखालून निसटत जातात. वर पोचता तेव्हा इसवीसनपूर्व पहिलं शतक आहे.

खिंडीच्या तोंडाशी खडकात कोरलेली गुहा. बाहेर बैलांची ओझी उतरवलेली आहेत. कल्याणच्या, सोपाऱ्याच्या बंदरातून आलेला माल जुन्नरला आणि तिथून पैठणला जायचा आहे. जकातीचा रांजण म्हणून आज सगळे जो दाखवतात तो एका दगडातून कोरलेला रांजण वाटेवर आहे. आत भिंतीवर ब्राह्मी अक्षरांच्या ओळीच्या ओळी, राणी नागनिकेने केलेल्या यज्ञांच्या आणि दानांच्या. किती गायी, किती घोडे, किती हत्ती, किती कार्षापण, हे आकड्यांत मांडलेलं. समोर सातवाहन घराण्यातल्या माणसांच्या प्रतिमा. आज तिथे त्यांची नावं आणि पावलांच्या खुणा तेवढ्या राहिल्यात.

तुम्ही मात्र आज अक्षरं वाचू नका. खाली पाहा, भिंतीलगतच्या दगडी बाकाकडे. एक व्यापारी त्यावर आडवा झालाय. उशाला वळकटी, पायाशी काठी. बाहेर बैलांच्या घाट्या वाजताहेत, अगदी म्हशाला वाजत होत्या तशा. राज्याने डोंगर फोडून घाट बांधला आणि वाटसरूला पाठ टेकायला जागाही कोरून दिली. रस्ता आणि मुक्काम ही दोन वेगळी कामं आहेत असं त्या लोकांना वाटलेलं दिसत नाही.

खाली या. गाडी उभी आहे. इंजिनाच्या डब्यावर हात ठेवा, कोमट आहे. शहापूरच्या शेडमध्ये परत या.

आता रोखठोक बोलतो, कारण हे सगळं पाहून तुमच्यातल्या कुणाला तरी अशी गाडी घ्यावीशी वाटेल. महाराष्ट्र सरकारने २०२१ला कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून या विषयाची चौकशी वाढली आहे. त्याच वर्षी केंद्राने व्हिंटेज वाहनांचे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेल्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा क्रमांक मिळतो, नोंदणीचे २०,००० रुपये, ती १० वर्षं चालते, नूतनीकरणाला ५,०००. पण गाडी मूळ रूपात हवी, आणि अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. माझ्या गाडीचा नंबर १ जुलै १९८९ च्या आधीचा आहे, म्हणजे 'एमएच' सुरू व्हायच्या आधीचा. तिला पन्नास वर्षं २०३८ला होतील. तोवर ती साधी जुनी गाडी आहे. दर पाच वर्षांनी तपासणी करून नोंदणी वाढवायची, कर भरायचा, आणि बांधणीत मोठा बदल करायचा असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी घेऊन तो पुस्तकात नोंदवायचा. हे चुकवू नका.

मी केलेली एक गोष्ट मात्र कायद्यासाठी नाही, गाडीसाठी आहे. आतलं काहीही मी वेल्डिंगने बसवलेलं नाही. फळ्या जुन्या सीटच्या बोल्टांवर उभ्या आहेत, कपाट त्या ड्रायव्हरच्या दोन खिळ्यांच्या भोकांवर. पत्र्यात नवं भोक एकही पाडलेलं नाही. उद्या कुणाला यातून भेंडी न्यायची झाली तर दोन पाने घेऊन तासाभरात सगळं उतरवता येईल.

आणि रंग. पुढच्या आठवड्यात सगळी गाडी पुन्हा क्रीम होणार आहे. तुम्ही घासलेली ही नाण्याएवढी जागा सोडून. पांढरा, निळा, क्रीम, तांबूस, आणि मधोमध चमकता पत्रा, झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखा. तिच्यावर फक्त पारदर्शक लॅकर बसेल, म्हणजे गंज येणार नाही आणि पाहणाऱ्याला पाहता येईल.

शहापूर, मुरबाड, जुन्नर, अकोले, जिथे कुठे तुमच्या बांधावर, चाळीमागे, बंद पडलेल्या दुकानाच्या आवारात एखादी मॅटॅडोर उभी असेल, तिच्यावर वेल चढला असेल, आणि भंगारवाला किलोचा भाव सांगून गेला असेल, तर त्याला एवढंच सांगा की रविवारनंतर ये. शनिवारी तिची रबरी चटई उचलून तळ पाहा, डिझेलच्या लाइनमधली हवा काढा, आणि हँडलच्या चार बोटं खाली वॉटर पेपर लावा. पाणी भरपूर घ्या.